दोन रुपयांचे सुट्टे

डोक्यावर दोन भोवरे असले की दोन लग्नं होतात, असं आपल्याकडे म्हणतात. माझ्या मामाला दोन भोवरे आहेत आणि मामी एकच, चाळीस वर्षं झाली. तेव्हा लग्नाचं राहू दे. पण दोन भोवरे दिसले की दुसरं एक भाकीत बिनधास्त करता येतं. कपाळापासून मानेपर्यंत सगळ्या कडेने केस बाहेरच्या बाजूला उतरत असतील, तर त्या डोक्यावर कुठेतरी केसांचा एक 'चौक' सापडणारच. म्हणजे दोन बाजूंनी केस समोरासमोर येतात आणि उरलेल्या दोन बाजूंनी निघून जातात, अशी जागा.

हे छातीठोकपणे कसं सांगता येतं? एक साधी मोजणी आहे. भोवऱ्याभोवती मनातल्या मनात एक प्रदक्षिणा घाला आणि चालताना पायाखालच्या केसाची दिशा बघत राहा. तुम्ही घड्याळाच्या काट्यासारखे एक फेरी पूर्ण करता, तेवढ्यात केसाची दिशाही त्याच अंगाने एक पूर्ण फेरी फिरते. म्हणून भोवऱ्याची किंमत अधिक एक. चौकाभोवती तशीच प्रदक्षिणा घातली तर दिशा उलट अंगाने फिरते, म्हणून त्याची किंमत उणे एक. आता संपूर्ण केशरेषेवरून एक मोठी प्रदक्षिणा घाला. सगळीकडे केस बाहेर उतरताहेत, त्यामुळे दिशा एकदाच फिरते. डोक्याचा हिशेब एकाचा आहे. भोवरे दोन झाले, तर उणे एकवाला कुणीतरी आत बसलेला असणार.

अशा जागांना भौतिकशास्त्रात दोष म्हणतात. प्रयोगशाळेत सगळे डिफेक्टच म्हणतात. नावावर जाऊ नका. त्यांत मोडलेलं काही नसतं. शेजारच्याशी समांतर राहायचं एवढाच आग्रह असलेल्या वस्तू जिथे तो आग्रह पाळू शकत नाहीत, ती जागा म्हणजे दोष. द्रवस्फटिकांचं, म्हणजे लिक्विड क्रिस्टलचं, सगळं नाट्य या जागांभोवती घडतं, आणि पृष्ठभाग वक्र असला की ते टाळताच येत नाही.

काडी आणि तांदूळ

काडेपेटीतली काडी घ्या. तिच्या एका टोकाला गुल असतो. ती उलटी ठेवली तर लगेच कळतं. आता तांदळाचा दाणा घ्या. तो उलटा ठेवला तरी फरक दिसत नाही. ज्या द्रवस्फटिकाबद्दल आपण बोलतोय, त्याचे रेणू लांबट असतात आणि एकमेकांना समांतर राहू पाहतात, पण डोकं कुठलं आणि पाय कुठले याची फिकीर करत नाहीत. ते तांदळासारखे वागतात. बाकी ते द्रवच आहे, ओतलं तर वाहतं. या प्रकाराला नेमॅटिक म्हणतात. जॉर्ज फ्रीडेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२२ मध्ये हे नाव दिलं. ग्रीकमध्ये 'नेमा' म्हणजे धागा. सूक्ष्मदर्शकाखाली या द्रवात धागे तरंगताना दिसायचे, म्हणून नेमॅटिक. आणि ते धागे म्हणजे दोषच होते, रेषेच्या रूपातले. पदार्थाचं बारसं त्याच्या दोषावरून झालं.

पदार्थ सापडला त्याच्या आधी, १८८८ मध्ये. प्रागमधले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश राइनिट्झर कोलेस्टेरॉलपासून बनवलेलं एक संयुग तापवत होते. ते १४५.५ अंशांना वितळलं, पण गढूळ द्रव झाला; पुढे १७८.५ अंशांना तोच द्रव एकदम नितळ झाला. एका पदार्थाचे दोन वितळबिंदू! राइनिट्झरनी तो जर्मन भौतिकशास्त्रज्ञ ओटो लेमान यांच्याकडे पाठवला आणि लेमाननी पुढे त्यातच हयात घालवली. घरगुती तापमानाला टिकणारा, निर्धोक नेमॅटिक मिळायला मात्र १९७० चं दशक उजाडावं लागलं. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांच्या गटाने तो बनवला आणि घड्याळं-कॅल्क्युलेटरांचे पडदे शक्य झाले. त्यातला सर्वांत प्रसिद्ध रेणू म्हणजे फाइव्ह-सीबी. साधारण २४ ते ३५ अंश सेल्सिअसमध्ये तो नेमॅटिक असतो. नागपूरच्या मे महिन्यात तो टेबलावर ठेवला तर रेणूंची शिस्त पार उडून साधा द्रव उरेल. म्हणून पडद्यांत एकटा फाइव्ह-सीबी नसतो, अनेक रेणूंचं मिश्रण असतं.

तर तांदूळ. प्रदक्षिणा संपवून सुरुवातीच्या जागी आलात की दाणा सुरुवातीसारखाच दिसला पाहिजे, एवढीच अट. काडी असती तर तिला पूर्ण फेरी घ्यावी लागली असती, नाहीतर गुल चुकीच्या बाजूला आला असता. दाण्याला अर्धी फेरीही चालते. म्हणून नेमॅटिकमध्ये अर्ध्या किमतीचे दोष असतात, जे केसांत कधीच नसतात. अधिक अर्धा म्हणजे घाटातलं वळण: रेषा येतात, एका बिंदूला वळसा घालतात आणि आल्या दिशेने परत जातात. उणे अर्धा म्हणजे तिठा, तीन बाजूंना रेषा फाकलेल्या. पुढे मी यांना वळण आणि तिठाच म्हणणार आहे.

मोसंबीवरचा हिशेब

आता एक मोसंबी घ्या आणि तिच्यावर तांदळाचे दाणे आडवे, एकमेकांना समांतर चिकटवत निघा. मधल्या पट्ट्यावर काही अडचण नाही. दाण्यांचं एक कडं, त्यावर दुसरं, त्यावर तिसरं. वर सरकाल तसं कडं लहान होत जातं आणि देठाशी अशी वेळ येते की शेवटच्या कड्यात एकच दाणा बसेल आणि तो कुठल्याही दिशेला ठेवला तरी शेजाऱ्यांशी फटकूनच राहील. वर एक दोष, खाली एक दोष, दोन्ही अधिक एकवाले. बेरीज दोन.

दाणे हलवून बघा, उभे लावून बघा, तिरके लावून बघा. बेरीज दोनच राहते. मांडणी हळूहळू बदलली तर नवे दोष उगवू शकतात, पण जोडीने: एक वळण उगवलं की एक तिठाही उगवतो. मरतानाही जोडीनेच मरतात. त्यामुळे बेरजेला धक्का लागत नाही. ही बेरीज दाण्यांची नाही, गोलाची आहे. फ्रेंच गणितज्ञ आंरी प्वाँकारे यांनी १८८५ मध्ये पृष्ठभागांसाठी हे दाखवलं आणि डच गणितज्ञ ब्राउअर यांनी १९१२ मध्ये ते जास्त मितींच्या गोलांपर्यंत नेलं. पृष्ठभागाला भोकं किती यावर आकडा ठरतो. बिनभोकाचा पृष्ठभाग, मग तो गोल असो, अंड्यासारखा असो की बटाट्यासारखा वेडावाकडा, त्याची बेरीज दोन. एक भोक असेल, मेदूवड्यासारखं, तर शून्य. दोन भोकं असतील तर उणे दोन.

म्हणजे गोलाने दोन रुपयांचं बिल हातात ठेवलंय आणि ते चुकवल्याशिवाय सुटका नाही. प्रश्न एवढाच की बंदे द्यायचे की सुट्टे.

इथे दुकानदाराच्या उलट गणित आहे. नेमॅटिकमध्ये रेणू वाकवायला ऊर्जा लागते, आणि दोषाभोवतीची ऊर्जा त्याच्या किमतीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. रुपयाच्या नाण्याला एक एकक ऊर्जा लागत असेल, तर आठ आण्याच्या नाण्याला पाव. रुपया मोडून दोन आठ आणे केले तर पाव अधिक पाव, म्हणजे अर्धं एकक. बिल तेवढंच, खर्च निम्मा. त्यामुळे पातळ थरातला नेमॅटिक रुपया मोडतोच. आठ आण्याची चार नाणी, म्हणजे चार वळणं. त्याखाली तो जाऊ शकत नाही, कारण पाव फेरी फिरलेला दाणा पहिल्यासारखा दिसत नाही.

सहा बाजूंनी सारखा दिसणारा शेजार असेल, म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी रचना, तर नाणं आणखी बारीक होतं: एकाचा सहावा भाग. दोन रुपये चुकवायला अशी बारा नाणी लागतात. जुना काळा-पांढरा फुटबॉल आठवा. पांढरे षटकोन वीस आणि काळे पंचकोन बारा. ते बारा पंचकोन म्हणजेच ती बारा नाणी. शिवणाऱ्याने ती संख्या आवडीने निवडलेली नाही.

टेनिसचा चेंडू

चार वळणं गोलावर कुठे बसतील? एकाच चिन्हाचे दोष एकमेकांना ढकलतात, त्यामुळे चौघे जितके दूर जाता येईल तितके जातात. गोलावर चार बिंदू एकमेकांपासून जास्तीत जास्त दूर ठेवले की चार त्रिकोणी बाजूंच्या घनाची, म्हणजे चतुष्फलकाची, चार टोकं मिळतात. टॉम लुबेन्स्की आणि जॅक प्रोस्ट यांनी १९९२ मध्ये हा हिशेब मांडला.

डोळ्यांसमोर आणायला हे अवघड जातं, म्हणून मी घरात पडलेला गल्ली क्रिकेटचा टेनिस बॉल घेतला. त्यावरची पांढरी रेघ नीट बघा. चेंडूचं कापड डंबेलच्या आकाराच्या दोन तुकड्यांचं असतं, आणि ती रेघ म्हणजे त्यांचा सांधा. एका तुकड्याच्या मधोमध, एका फुगीर टोकाकडून दुसऱ्या फुगीर टोकाकडे स्केचपेनने एक रेघ काढा. टोकापर्यंत नको, अलीकडेच थांबा. मग तिच्याभोवती एकात एक रेघा काढत पांढऱ्या रेघेपर्यंत या. दुसऱ्या तुकड्यावरही तेच. लोकरीवर शाई पसरते आणि चेंडू घाण होतो, पण काम होतं. आता चेंडू फिरवून बघा: मधली रेघ जिथे जिथे संपते, तिथे बाकीच्या रेघा घाटातल्या रस्त्यासारख्या वळलेल्या दिसतील. प्रत्येक तुकड्यावर दोन, एकूण चार. एका बाजूच्या दोन वळणांची जोडी आडवी धरली तर मागच्या बाजूची जोडी उभी असते. हाच तो चतुष्फलक.

हार्वर्डच्या डेव्हिड नेल्सन यांनी २००२ मध्ये यावरून एक भन्नाट कल्पना मांडली. अगदी बारीक गोळ्यांवर नेमॅटिकचा पातळ लेप द्यायचा. लेपात चार दोष आपोआप तयार होतील, आणि दोषाची जागा मुळातच अस्वस्थ असल्याने तिथे रासायनिक दोरा अडकवणं सोपं जाईल. मग प्रत्येक गोळीला चार हात फुटतील, कार्बनच्या अणूला असतात तसे आणि त्याच दिशांना. अणूऐवजी गोळ्यांचं रसायनशास्त्र! कागदावर हे इतकं सुबक आहे की प्रयोग करणाऱ्यांना राहवणं शक्यच नव्हतं.

प्रत्यक्षात काय दिसलं

प्रयोग २००७ मध्ये आला, हार्वर्डमधूनच. आल्बेर्तो फर्नांडेझ-निव्हेस आणि सहकाऱ्यांचा. काचेच्या केसासारख्या नळ्या एकात एक बसवून त्यांनी पाण्याच्या थेंबाभोवती फाइव्ह-सीबीचं कवच तयार केलं आणि ते पुन्हा पाण्यात सोडलं. पाण्यात पॉलिव्हिनाइल अल्कोहोल मिसळलेलं, म्हणजे रेणू पृष्ठभागावर झोपूनच राहतात, उभे राहत नाहीत. हे कवच दोन आडव्या-उभ्या पोलरॉइड काचांमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकातून बघायचं. जिथे रेणू एखाद्या काचेच्या दिशेला समांतर, तिथे अंधार. त्यामुळे प्रत्येक दोषातून काळे पट्टे निघालेले दिसतात, आणि पट्टे मोजले की नाणं कळतं: चार पट्टे म्हणजे रुपया, दोन म्हणजे आठ आणे.

आठ आण्याची चार नाणी दिसली. पण तेवढंच नाही. काही कवचांत रुपयाची दोन नाणी होती, आणि काहींत एक रुपया आणि दोन आठ आणे. बेरीज सगळीकडे दोन. त्याबद्दल वाद नाही. पण रुपया मोडणं स्वस्त असताना काही कवचांनी तो मोडला का नाही?

कारण कवचाला जाडी असते, आणि सगळी मजा इथे आहे. जाडी म्हटली की दोष बिंदू राहत नाही, आतल्या पृष्ठभागापासून बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत जाणारी रेषा होतो. रुपयाच्या दोषाला तिथे एक पळवाट आहे. मधले रेणू हळूहळू उभे होतात, जाडीच्या दिशेला तोंड करतात, आणि रेषेचा गाभा विरघळून जातो. फक्त आतल्या आणि बाहेरच्या पृष्ठभागावर एकेक ठिपका उरतो. आठ आण्याच्या दोषाला ही सोय नाही. त्याची रेषा पूर्ण जाडीभर राहते आणि जितकी लांब तितकी महाग पडते. जाड कवचात त्यामुळे बंदा रुपयाही परवडू शकतो.

दुसरी भानगड म्हणजे आतला थेंब बरोबर मध्यभागी राहत नाही. पाणी आणि फाइव्ह-सीबी यांच्या घनतेत थोडा फरक असतो, त्यामुळे थेंब एका बाजूला सरकतो आणि कवच तिथे पातळ होतं. आठ आण्याच्या रेषा अर्थातच तिकडे धावतात, कारण तिथे त्या आखूड होतात. एकमेकांना ढकलणं आणि पातळ जागेची ओढ यांच्या रस्सीखेचीत तो देखणा चतुष्फलक मोडतो आणि चारही वळणं एका बाजूला दाटी करून बसतात. कार्बनसारखे हात हवे असतील तर कवच खूप पातळ आणि सगळीकडे सारखं पाहिजे, ही अट सोपी नाही.

बरं, जाडी एकसारखी केली तरी चतुष्फलकाची खात्री नाही. रेणूंच्या रेषा पंख्यासारख्या फाकवणं आणि धनुष्यासारख्या वाकवणं, यांचा खर्च वेगवेगळा असू शकतो. एक दुसऱ्यापेक्षा फारच महाग असेल तर चारही दोष गोलाच्या एकाच मोठ्या वर्तुळावर, विषुववृत्तावर बसल्यासारखे, येतात. मला वाटतं, या विषयातली सर्वांत प्रामाणिक गोष्ट हीच आहे: गणित बेरजेपलीकडे काही सांगत नाही. नाणी कोणती आणि ती कुठे ठेवायची, हे पदार्थ आपल्या खिशाकडे बघून ठरवतो.

मेदूवडा

शून्य बिलाच्या पृष्ठभागावर तरी दोष नसतील ना? मेदूवड्यावर दाणे कड्याकड्याने लावत गेलं तर खरंच एकही दोष लागत नाही. पण वक्रतेचं स्वतःचं एक म्हणणं असतं. वड्याची बाहेरची बाजू चेंडूसारखी सगळीकडून फुगीर आहे, आणि भोकाकडची बाजू घोड्याच्या खोगिरासारखी: एका दिशेने वर वाकलेली, दुसरीने खाली. फुगीर जागा अधिक किमतीच्या दोषांना बोलावते, खोगिरासारखी जागा उणे किमतीच्या दोषांना. वडा जाडजूड आणि भोक लहान असेल तर वक्रतेची ओढ इतकी वाढते की, बिल शून्य असूनही, वळण आणि तिठा अशा जोड्या उगवून वेगळ्या होणं फायद्याचं ठरू शकतं: वळणं बाहेरच्या कडेला, तिठे भोकाच्या बाजूला. अंड्यावरही हीच ओढ काम करते; अधिक किमतीच्या दोषांना जास्त वक्र टोकं आवडतात.

जेव्हा दाणे स्वतःच हलतात

आतापर्यंतचे दाणे निर्जीव होते. म्युनिकच्या आंद्रेआस बाउश आणि ब्रँडाइस विद्यापीठाच्या झ्वोनिमिर डोगिच यांच्या गटांनी २०१४ मध्ये पेशीतल्याच सूक्ष्मनलिका घेतल्या, त्यांना सरकवणारं कायनेसिन हे प्रथिन घेतलं, इंधन म्हणून एटीपी दिलं, आणि हे सगळं एका गोल पिशवीच्या आतल्या बाजूला पसरवलं. चार वळणं आली. ती येणारच होती. पण वळणाला टोक आणि शेपूट असते, त्यामुळे इंधन मिळालं की ते चालू लागतं. चौघे एकमेकांना ढकलत फिरत राहिले: चतुष्फलक, मग चौघे एका सपाटीत, पुन्हा चतुष्फलक. जणू घड्याळाचा लंबक.

खऱ्या जिवंत प्राण्यात हायड्राचं उदाहरण प्रसिद्ध आहे, गोड्या पाण्यातला जेमतेम सेंटिमीटरभर जीव. त्याचा तुकडा कापला तर तो आधी पोकळ गोळी बनतो आणि मग पुन्हा अख्खा हायड्रा. त्याच्या शरीरावर स्नायूंचे तंतू समांतर असतात. हायफाच्या टेक्नियनमध्ये किनेरेट केरेन यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखवलं की तंतूंमधल्या दोषांवर नजर ठेवली, तर नवं तोंड कुठे फुटणार ते बरंच आधी कळतं: अधिक एकच्या दोषापाशी. दोष हे तोंडाचं कारण की नुसती खूण, हा वेगळा प्रश्न. पूर्ण वाढलेल्या हायड्राचा हिशेब चोख लागतो. तोंडाशी एक रुपया, बुडाशी एक रुपया. प्रत्येक मिशीच्या, म्हणजे टेंटॅकलच्या, टोकाला आणखी एक रुपया, पण तिच्या मुळाशी दोन तिठे. मिश्या कितीही फुटल्या तरी बेरीज दोन.

हायड्रा कुठे शोधणार, तुमचा स्वतःचा हात पुरेल. बोटांच्या रेषांनाही बाण नसतो, त्यामुळे त्या तांदळाच्याच जातीच्या. ज्याला आपण शंख म्हणतो त्यात एक वळण आणि एक तिठा असतो, चक्रात दोन वळणं आणि दोन तिठे. कलकत्त्यात १८९७ मध्ये ठशांचं कार्यालय उघडलं, आणि अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनी ठशांच्या वर्गीकरणाचं गणित बसवलं, तेही याच वळण-तिठ्यांच्या आधाराने. पुढे १९६५ मध्ये आनुवंशशास्त्रज्ञ लायोनेल पेनरोज यांनी पूर्ण पंजाचा हिशेब केला. तळव्यावरचे आणि पाची बोटांवरचे सगळे तिठे मोजा, सगळी वळणं मोजा, चक्राची दोन धरून. तिठे वळणांपेक्षा चारने जास्त भरतात. कारण तळव्यातून एक बोट निघालं तर काही अडत नाही, पण त्यानंतरच्या प्रत्येक बोटासाठी रेषांना फाटा फुटावा लागतो आणि फाट्यावर एक तिठा लागतोच. हातावर सहावं बोट असलेल्यांच्या पंजावर तो आकडा पाच येतो.